डाव्या कानातलं गाणं

आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये एकही माणूस बोलत नाही. तोंडं सगळ्यांची हलतात, ऐकू येतात ती त्या वर्षीची सिनेमातली गाणी. पांढरकवड्याच्या शूटिंगवाल्याची तशी पद्धतच होती. हळदीला उडतं गाणं, पंगतीला त्याहून उडतं, आणि पाठवणीला असं रडकं की आम्ही रडलो नसतो तरी चाललं असतं. माणसांच्या आवाजाने शूटिंग खराब होतं, असं त्याचं मत होतं. आमच्याकडच्या माणसांचे आवाज ऐकले तर त्याला फार दोष देता येत नाही.

तरी एका जागेचा आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. नवरदेवाच्या मामांना आहेरात पँटपीसऐवजी टॉवेल-टोपी गेली. मामा रुसले आणि वरात वणीला परत न्यायला निघाले. तेव्हा माझे बाबा, तहसीलमधले साधे कारकून, पुढे झाले आणि म्हणाले, "टॉवेलापायी लग्न मोडत असान तं खुशाल मोडा. माही पोरगी मले जड नाही." मामा गपकन खाली बसले. मी त्या वेळी आत बायकांच्या गराड्यात होते, त्यामुळे हे सगळं मी बाबांच्याच तोंडून ऐकलं, आणि दर दिवाळीला ऐकलं. आई होती तोवर ही गोष्ट सुरू झाली की चहा ठेवायला उठायची. कॅसेटमध्ये बाबा मामांसमोर हात जोडून उभे दिसतात, ओठ हलतात आणि वर गाणं चालू असतं. हात जोडल्याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं. अपमान करायचा तर अदबीनेच करावा, असं ते म्हणत.

या एका वाक्यावर मी संसार केला. भांडणात माझी बाजू लंगडी पडू लागली की मी ते काढायची. मी कोणाला जड नाही, माझ्या बापाने भर मांडवात सांगितलंय. मग नवरा पेपर उघडून बसायचा आणि मी जिंकले असं समजायची.

यंदा बाबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. त्यांचा हुकूम आला की लग्नाची कॅसेट मोठ्या पडद्यावर लावायची, पण गाणं काढून. आजोबा काय बोलला ते नातवंडांच्या कानी पडलं पाहिजे. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळामास्तरीण आणि लॉकडाऊनमध्ये धड्यांचे व्हिडिओ करता करता एडिटिंग शिकलेली. शिकलेली म्हणजे, माझं तोंड आणि माझा आवाज एकाच वेळी चालवण्यापुरती.

यवतमाळच्या एका दुकानातून कॅसेटची फाइल करून आणली. चित्र बरं होतं, आवाजाने मात्र पार वाट लावली होती. मागे पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर, आणि आवाज चित्राच्या मागे. अंतरपाट खाली यायचा, अक्षता पडून संपायच्या आणि मग बँड वाजायचा. नुसत्या घरघरीचा तुकडा कापून लॅपटॉपला दाखवला की हे काढ. त्याने घरघर काढली आणि अर्धी सनईही काढली. आवाजाची पट्टी चित्राखाली सरकवत बसले, तर सुरुवात जुळली की शेवट सुटायचा. शेवटी सगळा आवाज थोडा आखडून घेतला तेव्हा कुठे बँड वेळेवर आला. मग गाणं आणि बोलणं वेगळं करणारं एक ॲप लावलं. त्याने गाणाऱ्या बाईला तेवढं माणूस ठरवलं आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांना गोंगाट म्हणून फेकून दिलं. ॲपची पारख अगदीच वाईट म्हणता येणार नाही.

एका दुपारी कानाला हेडफोन लावून तीच जागा पुन्हा बघत होते. गॅसवर कुकर होता. शिट्टी ऐकू यावी म्हणून डावा कान मोकळा केला, आणि गाणं गेलं. उजव्या कानात मांडव उरला. भांड्यांचा खणखणाट, कोणाचं तरी रडणारं मूल, पाणी वाढा म्हणून ओरडणारा माणूस. शूटिंगवाल्याने गाणं एका बाजूला भरलं होतं आणि दुसरी बाजू आहे तशी सोडली होती. आमच्या टीव्हीला भोंगा एकच, त्यात दोन्ही बाजू एक व्हायच्या आणि मोठ्या आवाजाचं गाणं सगळ्यांना गिळायचं. मला काय आनंद झाला. डावी बाजू बंद केली आणि बाबांचं वाक्य ऐकायला सावरून बसले.

बाबांचा आवाज आला. पण तो ओळखायला मला वेळ लागला, कारण तो फार बारीक होता.

"चुकलं आमचं. पाया पडतो, पदरात घ्या. मले काय बोलाचं ते बोला, पोरीले काही ऐकवू नका."

हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मामा मोठ्याने काही बोलत होते, ते लिहीत नाही. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मला माहीत नाही. भात लागल्याचा वास आला तेव्हा उठले. मला बाबांची लाज वाटली नाही. माझ्या स्वतःच्या तोऱ्याची वाटली, आणि त्या मामांचा इतका राग आला की ते जाऊन दहा वर्षं झाली हे बरंच झालं.

नवरा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होता. त्याच्या कानाला हेडफोन लावले. त्याने ऐकलं, काढून ठेवले आणि पुढची शेंग घेतली. पडद्यावर मुंडावळ्या बांधून मामांच्या शेजारी बसलेला तोच तर होता.

"तुमाले माहीत होतं?"

"मी तिथंच तं बसून होतो."

"मंग इतके वर्षं बोलले काहून नाही?"

"तू इतक्या जोरात सांगे, मले बी खरं वाटाले लागलं." मग शेंगांकडेच बघत म्हणाला, "आन् खोटं काय आहे त्यात? जड नव्हतीच तू त्यायले."

बाबांनाही सांगता सांगता ते खरं वाटू लागलं असणार, नाहीतर गाणं काढा असं ते म्हणालेच नसते. मी लॅपटॉप उघडला आणि गाणं परत दोन्ही बाजूंनी भरलं. इतकी खपून दुरुस्त केलेली फाइल मी अशी पूर्वीसारखी खराब करून ठेवली.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा पहिल्या रांगेत, अंगावर शाल, बाजूला नातवंडं. ती जागा आली. गाणं वाजलं. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही निघालं बाबा. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, मी हे काय करून बसले.

तेवढ्यात नवरा उठला. हा माणूस कधी पंगतीत पाणीसुद्धा मोठ्याने मागत नाही. त्याने माइक घेतला आणि म्हणाला की मशीनला जमलं नाही, पण मामाजी, म्हणजे त्याचे सासरे, बोलले तेव्हा तो तिथेच होता, त्याने आपल्या कानाने ऐकलं आहे. आणि बाबांचं वाक्य त्याने म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बाबांच्याच ठसक्यात. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा टाळ्या थांबेपर्यंत जावयाकडे पाहत राहिले.

"तुमच्या ध्यानात आहे, जवाई?"

"आहे नं मामाजी. सगळंच ध्यानात आहे."

बाबांनी मान खाली घातली आणि शालीची घडी नीट करू लागले. नवरा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि त्यांचा हात त्याने कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.