हाडाचं खत आणि शाळेचं कुलूप

मास्तरकी सोडून कितीतरी वर्षं झाली, पण चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, तो हाडाचा किस्सा होऊन जाऊ द्या." किस्सा एक असता तर बरं होतं. गावात एक भीती शिरली की तिला पिलावळ होते. आणि त्या साऱ्या गावात सर्वांत भित्रा मीच होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मंगरूळपीरजवळच्या एका गावात मी शाळेचा एकटा मास्तर. शेतकीचे एक साहेब आले आणि म्हणाले, मुलांना फॉस्फेट शिकवा. पिकाच्या मुळाला, दाण्याला ते लागतं आणि हाडांत ते भरपूर असतं. शाळेमागे गहू पेरा, अर्ध्या ओळींना हाडाची भुकटी घाला, अर्ध्या कोऱ्या ठेवा. एवढं सांगून साहेब बैलांच्या दमणीत बसून गेले. गावात राहायचं होतं मला.

*

भुकटीचं पोतं कारंज्याच्या स्टेशनवरून शेखचाचांच्या बैलगाडीत आलं. वाटेत ते उसवलं आणि एक न दळलेला तुकडा चाचांच्या पायाशी पडला. पोतं उतरवून ते हळूच म्हणाले, "मास्तर, याच्यात कोन हाय?"

"बैल असेल, म्हैस असेल," मी म्हणालो.

"असेल?" चाचा म्हणाले, आणि पाणीही न पिता त्यांनी गाडी वळवली.

*

दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा रिकामी. आली त्या पोरांच्या गळ्यात आयांनी काळ्या दोऱ्यात बिब्बे बांधलेले. मी शिकवायला लागलो, हाडांत फॉस्फेट असतं, तेच गव्हाच्या दाण्यात उतरतं. पोरं आपापली मनगटं चाचपू लागली.

"मास्तर, आमच्या हाडात बी हाय?"

"आहे की."

"मंग आमाले कवा दळता?"

*

संध्याकाळी पाटील आले. आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"मास्तर, ढोराचं असन तर आमी आंघोळ करून मोकळे. पन मान्साचं एक जरी हाड त्या मातीत निंघालं, तर शाळेले कुलूप. आन् कुलूप तुमीच लावान."

माझी झोप उडाली. रोज पहाटे मी त्या ओळींतली माती बोटांनी उकरून पाहायचो. एकदा एक कुत्रं तोंडात हाड धरून शाळेमागून गेलं, तर मी छडी घेऊन वेशीपर्यंत त्याच्यामागे पळालो. पारावरचे लोक म्हणाले, "मास्तरले आता ताजं लागून राह्यलं."

*

न घाबरणारी दोनच माणसं होती. एक पाटलांची गोदी, शाळेतली एकुलती एक मुलगी. ती ओळींना पाणी घालायची. दुसरे तिचे आजोबा, पाटलांचे वडील; ती त्यांना आबाजी म्हणायची. पाय गेलेले, म्हणून गडी त्यांना शाळेच्या भिंतीशी आणून बसवायचा. भुकटीच्या ओळी गर्द झाल्या, कोऱ्या पिवळट राहिल्या, ते त्यांनी रोज पाहिलं.

"पाह्य ना गोदे," ते एकदा म्हणाले, "मेलेलं ढोर बी वावराच्या कामी येते. जलमभर वावरात राबून आमी मात्र नदीत जातो."

मी हसलो होतो.

*

महिनाभराने आजोबा गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला मीही गेलो. राख होती, हाडं मात्र बोटभर दोन-तीन तुकडे. भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. कुणी म्हणालं, "कोल्ह्यानं नेले असन."  पाटील उठून शाळेकडे चालू लागले, आणि मी त्यांच्यामागे. 

शाळेमागे गोदी तांब्याने पाणी घालत होती. कोऱ्या ओळीला. तिथली माती नुकतीच उकरून दाबलेली होती.

"गोदे, हे तुले कोनं सांगतलं?"

"आबाजीनं."

मी खिशातलं शाळेचं कुलूप काढून हातात धरलं.  पाटलांनी तिकडे पाहिलं नाही. ते ओळीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी मातीवर तळवा टेकवला.

मग म्हणाले, "मास्तर, या ओळीले पानी किती लागते?"