शिंकेला भिणारा गाडीवान

शाळा अर्धवट सोडून मी कोकणातून अमरावतीला आलो, तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता आणि मला मरीची, म्हणजे पटकीची, धास्ती. वखारीत कापसाच्या गासड्या शिवताना पोट जरा गुरगुरलं, की मी मनातल्या मनात आईचा निरोप घ्यायचो.

आमचा कापूस अकोल्याला नेणारा गाडीवान अगदी उलटा. मरीच्या दिवसांतही दिसेल त्या विहिरीचं पाणी ढोसायचा. भ्यायचा तो फक्त सर्दीला. भर उन्हात कानांना फडकं बांधून हिंडायचा.

एकदा माझ्या पोटात आगडोंब उसळला. "मरी!" म्हणून मी ओरडलो, तसे सगळे पळाले. तो मात्र जवळ बसला आणि कानांचं फडकं सोडून माझा घाम पुसू लागला.

"सकाळी काय खाल्लं बे?"

"तुम्ही दिलेला ठेचा."

"किती?"

"सगळा. भाजी समजून."

"तुले मरी नाई झाली लेका, ठेचा झाला!" हसत हसत त्याने मला ताक पाजलं.

तेवढ्यात त्याला शिंक आली. चेहरा पांढराफटक. "आता मायं काई खरं नाई."

मी हसलो नाही. माझं उपरणं त्याच्या कानांना घट्ट बांधलं आणि पोट जळत असतानाही त्याच्याजवळ बसून राहिलो.