भिंगरीला बाहेर काढलं तेव्हा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची खिडकी थेट बास्केटबॉलच्या मैदानावर उघडते. ज्याला हे सुचलं त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. मी वर शांततेची पाटी लावून बसतो आणि खाली चेंडू माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतो.

तरी पूर्वी बरं होतं. मुलींचा संघ इतका सुस्त होता, की अर्ध्या तासात सराव आटोपून सगळ्या घरी जायच्या. मग गेल्या वर्षी ही नवी प्रशिक्षक आली. वय जेमतेम पंचविशीचं, नोकरी वर्षभराच्या करारावर, आणि पायाला भिंगरी. मुली तोंडावर तिला मॅडम म्हणत आणि पाठीमागे भिंगरी. मनातल्या मनात मीही तेच म्हणायचो.

तिला बसलेली मी कधी पाहिली नाही. स्टाफरूममध्ये चहा उभ्याने, सही उभ्याने. एकदा तिची आई घरी विसरलेला डबा द्यायला आली. शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर बसलेली बाई. "ही घरीसुद्धा ताट हातात घेऊन फिरत जेवते हो," ती मला म्हणाली. "हिचा दादा म्हणतो, हिचा फोटो काढायचा तर चौघांनी धरायला हवं."

मुलींना हरायची सवय झाली होती. भिंगरीने त्यांना पळवलं, रडवलं, पुन्हा पळवलं. खेळ सुरू झाला की ती रेषेबाहेरून त्यांच्याबरोबर धावायची आणि प्रत्येक चेंडूला ओरडायची. डावीकडे जा. दे. थांब. मुली सांगितलं तेवढंच करायच्या. वरून मला स्पष्ट दिसायचं, चेंडू हातात आला की पोरगी आधी हिच्याकडे बघते आणि मग बास्केटकडे. तोवर चेंडू दुसऱ्याने पळवलेला. मी एकदा तिला तसं म्हटलं.

"बघू देत, सर," ती म्हणाली. "मी नाही सांगितलं तर चेंडू पोटाशी धरून उभ्या राहतात."

प्राचार्यांनी तिला साफ बजावलं होतं, यंदा एक तरी सामना जिंका, नाहीतर संघ बंद आणि करारही संपला. बघता बघता हंगाम सरला. हरण्यातलं अंतर कमी होत गेलं, पण थोडक्यात हरलेल्याला कोण विचारतो? शेवटचा एकच सामना उरला. तो दुसऱ्या कॉलेजच्या हॉलमध्ये होता आणि मुलींबरोबर कुणीतरी वडीलधारं जायला हवं होतं. त्या दिवशी सगळ्या प्राध्यापकांना एकदम कामं निघाली आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच पंचांनी भिंगरीला पहिली ताकीद दिली, रेष ओलांडू नका म्हणून. ती हो म्हणाली आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली. शेवटच्या सत्रात आपण दोन गुणांनी मागे होतो. चेंडू मुंगीकडे आला. मुंगी म्हणजे संघातली सगळ्यात बुटकी पोर. तिने हात वर केले मात्र, भिंगरी ओरडत थेट मैदानात घुसली. "टाकू नकोस, मुंगे. काकूला दे." काकू म्हणजे कर्णधार. पोरीने निमूटपणे चेंडू तिच्याकडे फेकला, तो मध्येच अडवला गेला आणि शिट्टी वाजली. दुसरी ताकीद. दोन झाल्या की प्रशिक्षकाने हॉलमध्ये थांबायचं नसतं.

तिला घेऊन मीच बाहेर आलो. दार बंद झालं. लांब कॉरिडॉर, भिंतीला एकावर एक रचलेल्या खुर्च्या. मी एक ओढून बसलो. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली.

"सगळं माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. "आता त्यांना कोण सांगणार?"

आत जोराचा गलका झाला. ती थबकली. "कोणाचं?"

"त्यांचं. हॉल त्यांचा, माणसंही त्यांची."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गलका झाला तर आपण मेलो आणि आत चिडीचूप झालं तर आपले गुण. आयुष्यभर शांततेची नोकरी केली, पण तिची इतकी आशाळभूतपणे वाट कधी पाहिली नव्हती. गलका. मग शांतता. पुन्हा गलका, जरा जास्तच मोठा. भिंगरी दाराला कान लावून पाय हलवत होती. माझाही जीव टांगणीला लागला होता, उगाच कशाला खोटं बोलू.

लांबलचक शिट्टी झाली. आत कुणी ब्र काढला नाही.

दार ढकलून काकू आली, घामाने निथळत. "जिंकलो, मॅडम. एका गुणाने."

"शेवटचा कुणी टाकला?"

"मुंगीने, तोही लांबून. मी मागत होते, पण कार्टीने दिलाच नाही."

"तुझ्यापुढे दोघी होत्या, दिसत नव्हतं का?" मागून मुंगी म्हणाली. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. कोण कुठे उभी होती, कुणी कुणाला अडवायला हवं होतं. भांडत भांडत त्या तोंड धुवायला निघून गेल्या. या पोरींचे आवाज असे आहेत हे मला वर्षभरात कळलं नव्हतं.

भिंगरी जागची हलली नाही.

"नोकरी वाचली तुमची," मी म्हणालो. "आता तरी बसा."

"मी आत असते तर टाकू नकोस म्हणून ओरडले असते, सर."

तिचा चेहरा बघवेना. "अगं, तिने ऐकलं नसतं," मी समजूत घालायला म्हणालो.

"ऐकलं असतं," ती म्हणाली. "माझं सगळं ऐकतात त्या."