ताईला मी ‘प्लेन’ लिहिलं

आमच्या घरात ‘साधी’ हा मोठ्या कौतुकाचा शब्द होता. वडिलांना एखादं घर आवडलं, एखाद्याची सून आवडली, आमटी आवडली, की ते म्हणायचे, “साधं आहे, छान आहे.” आणि “आमची मुलगी साधी आहे” हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू दाखवताना माणूस जरा जपून बोलतो, तसा.

ती मुलगी म्हणजे माझी ताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. डी.एड. करून कर्नाळ्याच्या अलीकडे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. पनवेलच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरायची आणि दुपार कलल्यावर परत यायची. सुती साडी, एक वेणी, मनगटावर घड्याळ. पावडर लावली की तिला शिंका यायच्या, म्हणून तीही नाही. ती दिसायला कशी आहे, असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर उत्तर देता आलं नसतं. बहिणीकडे आपण त्या नजरेनं बघत नाही.

एकोणनव्वद-नव्वदच्या सुमाराला तिला अमेरिकेतलं एक स्थळ आलं. मुलाची मावशी पनवेलमध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. तिनं ताईला एका हळदीकुंकवात पाहिलं आणि ताई तिच्या मनात भरली. मुलगा सात वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर तिकडे गेलेला. मराठी बोलायचा, पण वाचता येत नव्हतं. मावशी आमच्याकडे येऊन म्हणाली, “त्याला पत्रिका नको, देणंघेणं तर नकोच. तो म्हणतो, मुलीला ओळखणाऱ्या कुणीतरी तिच्याबद्दल चार ओळी इंग्रजीतून लिहा आणि एक फोटो पाठवा. मग डिसेंबरात येऊन भेटतो.”

आई फोटोसाठी स्टुडिओत जाऊ म्हणत होती. वडील म्हणाले, “कशाला देखावा? ओळखपत्राचा आहे तो साधा फोटो पुरे.” त्या बोटभर फोटोत ताई पोलिसांनी धरून आणल्यासारखी समोर बघत होती.

पत्राचं काम माझ्याकडे आलं; ते जाणारही होतं माझ्याच नावानं. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून, त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रापुरतं. मी एस.वाय.ला इंग्रजी घेतलेलं, त्या वर्षी कॉलेजात त्या विषयात पहिला आलेला. मला इंग्रजी येतं, याचा मला किती माज होता हे आज लिहितानाही लाज वाटते.

रविवारची दुपार होती. वडील आरामखुर्चीत बसून मराठीत सांगत होते आणि मी कच्च्या कागदावर इंग्रजी करत होतो. “लिही, आमच्याकडचं वातावरण साधं आहे.” मी ‘सिंपल’ लिहिलं. “आमची राहणी साधी आहे.” पुन्हा ‘सिंपल’. “मुलगी साधी आहे.” इथे मी अडलो. एकाच परिच्छेदात तोच शब्द तीनदा वापरणं हे कमकुवत इंग्रजीचं लक्षण, असं आम्हाला शाळेतल्या सरांनी बजावलेलं होतं. मी शब्दकोश उघडला. ‘प्लेन’ या शब्दापुढे दिलं होतं: साधा, सरळ, स्पष्ट. मला फार आनंद झाला. मी लिहिलं, ‘माय सिस्टर इज अ प्लेन गर्ल.’

ताई चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाचायला लागली.

“प्लेन?” ती हसली. “अरे, दुकानात आपण प्लेन कापड मागतो ना, बिनडिझाइनचं? मी काय ब्लाउजपीस आहे?”

“तसं नाही गं. सिंपल आणि प्लेन एकच.”

“मग सिंपलच ठेव ना. ते कानाला बरं वाटतं.”

“कानाला बरं वाटून काय करायचंय?” मी म्हणालो. “तू चौथीच्या पोरांना शिकवतेस. इंग्रजी मला कळतं की तुला?”

तिचं हसू थांबलं. “तुलाच,” ती म्हणाली आणि वडिलांचा रिकामा कप उचलून आत गेली. मी पत्र सुवाच्य अक्षरात उतरवलं. सोमवारी पोस्टात जाऊन तिकिटं लावून टाकूनही आलो.

त्यानंतरचा दीड महिना आमच्या घरात एक वेगळंच वारं होतं. आई मावशीच्या घरावरून उगाच चक्कर मारून यायची. ताईनं शाळेतला जुना नकाशांचा ॲटलास घरी आणला. मग एक दिवस मरून रंगाची जाड लोकर आणली. पनवेलच्या उकाड्यात ती पदरानं घाम टिपत स्वेटर विणत बसायची. आईनं विचारलं, “हा कुणाला गं?” तर म्हणाली, “मलाच. कधीतरी लागेल.” शाळेत बातमी कशी पोचली कोण जाणे. एकदा हसत हसत सांगत होती, एका पोरीनं तिला विचारलं, “बाई, तुमी अमेरिकेला गेल्यावर आमची शाळा बंद व्हनार हाय का?” ती म्हणाली, “मी सांगितलं, अगं, अजून कशात काही नाय.” पण हे सांगताना तिच्या सुया भराभर चालल्या होत्या.

एका संध्याकाळी मावशी आली. खुर्ची पुढे केली तरी दाराजवळच्या स्टुलावर टेकली. “मुलगा म्हणतो, आत्ता लग्नाचा विचार नाही. योग नसतो एकेकदा.”

वडिलांनी विचारलं, “काही कारण कळवलं?”

“नाही हो. कारण काही नाही,” ती म्हणाली आणि चहा न घेता गेली.

ताईनं त्या आठवड्यात स्वेटर उसवला. एक अख्खी बाही झाली होती. मी लोकर गुंडाळायला समोर बसलो. ती लोकर ती शाळेत घेऊन गेली आणि पोरांकडून तिची फुलं करून घेतली. पुढे आणखी दोन स्थळं आली. एकांना नोकरी नको होती, दुसऱ्यांना रंग उजळ हवा होता. त्यानंतर तिनं वडिलांना सांगितलं, “मी आता चहाचा ट्रे घेऊन कुणासमोर येणार नाही.” वडिलांनी समजावून पाहिलं. मग तेही थकले.

पुढच्या वर्षी टी.वाय.च्या वर्गात मॅडम एका कादंबरीतल्या बाईचं वर्णन शिकवत होत्या. त्यात ‘प्लेन’ हा शब्द आला. त्या थांबून म्हणाल्या, “इथे अर्थ साधी असा घेऊ नका. सिंपल म्हणजे साधी, फार तर भोळी. पण बाईला प्लेन म्हटलं, तर ती दिसायला सुमार आहे. तोंडावर कुरूप म्हणायचं नसतं, म्हणून प्लेन म्हणतात. प्लेन जेवण चालतं, प्लेन बोलणं तर चांगलंच. बाई प्लेन असं म्हटलं, की तिचा निकाल लागला.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. हात चालू होता, कान मात्र तापले होते. तास संपल्यावर मी वर्गातच बसून राहिलो.

घरी जाऊन ताईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी स्वतःला समजावलं की नकाराचं कारण वेगळंच असेल. अमेरिकेत असणाऱ्या माणसाला हजार कारणं असतील. एका शब्दावरून कुणी लग्न मोडतं का? ही समजूत मला पाच-सहा वर्षं पुरली. त्या काळात मला नोकरी लागली, वडील निवृत्त झाले, गावाबाहेर नव्या इमारती उभ्या राहिल्या. ताई त्याच एसटीनं त्याच शाळेत जात राहिली.

मग एका लग्नाच्या पंगतीत तीच मावशी माझ्या शेजारी बसली. बोलता बोलता तिनं ताईची चौकशी केली. मी म्हणालो, “नाही केलं लग्न.” तिनं हातातला घास पानात ठेवला.

“तुला राग येणार नसेल तर सांगते,” ती म्हणाली. “पोरगी छान आहे, असं मी त्याला फोनवर दहादा सांगितलं. तो म्हणाला, मावशी, तिचा सख्खा भाऊ तिला प्लेन म्हणतोय, तू कशाला सजवून सांगतेस? फोटोही तो तसला. तुम्हाला कसं सांगणार हे? म्हणून योग नाही म्हटलं.”

मी पानावरून तसाच उठलो.

त्यानंतरच्या शनिवारी मी ताईच्या शाळेच्या गावाला गेलो. सकाळची शाळा सुटली होती. ती पायरीवर बसून हजेरीपट भरत होती. मला बघून घाबरलीच. “घरी सगळं ठीक ना?” मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मॅडमचा तास, मावशीचं बोलणं, सगळं. तिनं हजेरीपट मिटला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“प्लेनचा अर्थ. तू पत्र टाकून आलास, त्याच आठवड्यात तालुक्याला आमचं प्रशिक्षण होतं. तिथे मोठी डिक्शनरी होती, त्यात बघितलं.”

“मग बोलली का नाहीस? दुसरं पत्र टाकलं असतं.”

“काय लिहून? की माझी बहीण दिसायला बरी आहे?” ती थोडी हसली. मग म्हणाली, “आणि त्या मुलाचं मला एवढं नव्हतं रे. दोन-चार महिन्यांत विसरले. मला वाटत राहिलं, तू इंग्रजीत पहिला आलेला. मी सिंपल लिही म्हटलं तरी तू प्लेनच लिहिलंस. म्हणजे तुला अर्थ ठाऊक असणार. तुला मी तशीच दिसत असणार.”

“ताई, मला खरंच माहीत नव्हतं.”

“ते आज कळलं मला.”

“टी.वाय.ला कळलं तेव्हाच सांगायला हवं होतं मी.”

“हो,” ती म्हणाली. “तेव्हा सांगायला हवं होतंस.”

तिनं त्यापुढे मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्या मुलाचं काय झालं, तो चांगला निघाला असता की वाईट, कुणाला ठाऊक. पण सहा वर्षं ती रोज मला पानावर वाढत होती, माझ्या शर्टांची बटणं लावत होती, आणि मनात धरून होती की हा आपल्याला कुरूप समजतो. एक वाक्य बोलून मला ते थांबवता आलं असतं. माझं इंग्रजी चुकलं, हे कबूल करावं लागलं असतं, एवढंच.

आम्ही शाळेला कुलूप लावून रस्त्यावर आलो. एसटी उशिरा आली आणि भरलेली होती. कंडक्टरनं तिला पुढे एका बाईशेजारी जागा करून दिली. मी मागे दांडीला धरून उभा राहिलो. पनवेल येईपर्यंत मला फक्त तिची पाठ दिसत होती.