पडेगावच्या चुलीचा आलेख

हे गेले त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा तो ईमेल आला. जगभरातल्या ज्वलन-संशोधकांची एक संस्था आहे. इंजिनापासून वणव्यापर्यंत जे जे जळतं त्याचा अभ्यास करणारी. तिच्या परिषदेसाठी यांनी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांवर, पेटणाऱ्या चुलीबद्दल शोधनिबंध पाठवला होता. परीक्षकांची शंका एकच होती. आलेखात दर दोन-तीन मिनिटांनी धूर एकदम का वाढतो? उपकरणात दोष असेल तर निबंध घेता येणार नाही. उत्तराला दहा दिवस.

मी ग्रंथपाल. ज्वलनातलं मला फारसं कळत नाही. यांच्या नोंदी मात्र मीच उतरवून द्यायची. वह्या पुन्हा पुन्हा वाचल्या. वाऱ्याची नोंद होती, पऱ्हाट्यांच्या ओलीची होती. धुराच्या त्या उसळीपुढं नुसतं प्रश्नचिन्ह. शेवटी उस्मानपुऱ्यातून रिक्षा केली आणि ज्यांच्या चुलीवर मोजमाप झालं होतं, त्या पडेगावच्या बाईंकडे गेले.

"सर लई लाजाळू," पीठ मळता मळता त्या म्हणाल्या. "यंत्र चुलीवर टांगायचे अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. बाईमाणूस सैपाक करतंय म्हणून. चहाबी तिथंच."

बोलता बोलता त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली आणि चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी टेकवली. ज्योत दबली. धूर भसकन माझ्या तोंडावर आला.

"काढा! काढा ती!" मी ओरडलेच.

"अवं ताई, फुगू तर द्या!"

भाकरी काढली, ज्योत उठली. मी घड्याळ धरलं. पुढची भाकरी, पुन्हा धूर. तिसरी, तेच. हवेची वाटच अडत होती! यंत्र खरं तेच सांगत होतं, आणि हे बाहेर बसून त्यावर शंका घेत होते.

"आम्हाला इचारलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?" बाई म्हणाल्या.

मला हसू आवरेना. घरी जाऊन यांना कधी एकदा सांगते असं झालं, आणि मग आठवलं.

उत्तर लिहायला चार दिवस लागले. टेकवलेल्या भाकरीचं चित्रही काढून जोडलं. आठवड्याभरात निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. तो परिषदेत कोण मांडणार, असं त्यात विचारलं होतं. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली मी, स्वतःचं नाव टाइप केलं आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.