कोंबडीवाचूनचं अंगण

कौसाबाईच्या अंगणात नऊ कोंबडे होते आणि कोंबडी एकही नव्हती. विसरवाडीत नव्याने आलेला माणूस हे पाहून दोहोंतली एक समजूत करून घेई: बाई एक तर वेडी असावी, नाही तर फार गरीब. ती दोन्ही नाही हे जुन्या माणसांना ठाऊक होते, पण नव्याला समजावीत बसण्याची कोणाला हौस नव्हती.

ती मूळची तापीकाठच्या ब्राह्मणपुरीची सून. नवरा छगन पाच भावांत धाकटा. पाचव्या भावापर्यंत येता येता घरची बैलजोडी संपली, म्हणून त्याने विसरवाडीच्या सरकारी बंगल्यावर चौकीदारी धरली. तीन पावसाळे काढले, चौथ्यात हिवतापाने गेला. बंगल्याला आठ दिवसांत दुसरा चौकीदार मिळाला. कौसाबाई सुरत-धुळे रस्त्याच्या कडेला, बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर, कारवीच्या कुडाचे खोपटे घालून राहिली. ते उभे करायला शेजारची दिवलीबाई आली होती. ही भिलीण तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. दोघींना एकमेकींची भाषा निम्मी कळे, आणि उरलेल्या निम्म्यावाचून त्यांचे कधी अडले नाही.

दिवलीबाईकडे कोंबड्या होत्या, आणि त्यांच्यापायी एकमेकांची डोकी फोडणारे कोंबडे होते. त्यांतले दोन ती कंटाळून कौसाबाईच्या अंगणात टाकून गेली. दुसऱ्या दिवशी पाहते तो दोघे शेजारी शेजारी धुळीत लोळत होते.

कौसाबाईला याचे नवल वाटले नाही. ब्राह्मणपुरीच्या घरात पाच भाऊ एका ताटात जेवत आणि सुना आल्या तशी ताटे वेगळी झाली, असे सगळे गाव म्हणे. हे तिने नऊ वर्षे खालमानेने ऐकले होते. माणसांच्या बाबतीत ते साफ खोटे होते. भांडण होते विहिरीच्या पाळीवरून. पण कोंबड्यांना लावून पाहायला काय हरकत आहे, असे तिच्या मनात आले, आणि तिथे ते अक्षरशः खरे निघाले. त्या दिवसापासून तिने अंगणात मादी म्हणून येऊ दिली नाही.

मग बायका तिच्याकडे नर पिले आणू लागल्या. तुरा लाल होऊ लागला की पिलू कौसाबाईच्या स्वाधीन करायचे, आठ महिन्यांनी दोनांतला एक भरलेला कोंबडा परत न्यायचा, दुसरा तिचा. ती त्यांना ज्वारीची कणी घाली, कोंडा घाली. शेण आणि भुसा भरलेले मडके बांधावर पालथे घालून ठेवी आणि सकाळी त्यात चढलेली उधई, म्हणजे वाळवी, त्यांच्यापुढे झाडी. लग्नाला, पाहुण्याला, बाळंतिणीच्या रश्श्याला तिचाच कोंबडा जाई. स्वतः तिने त्यातला घास कधी तोंडात घातला नाही. ब्राह्मणपुरीच्या घराचा तेवढाच एक नेम तिने सोबत आणला होता.

पण तिचे नाव झाले ते मांसामुळे नाही. त्या भागातल्या पाड्यांवर रीत अशी की कोंबडा देवापुढे धरायचा आणि पानावर तांदळाचे दाणे ठेवायचे. त्याने दाणा टिपला तर देवाने नवस घेतला. टिपला नाही तर सगळ्यांनी मुकाट घरी जायचे आणि वर्षभर काळजी करायची. घरचा कोंबडा ढोल ऐकला की भेदरतो आणि देवाच्या मर्जीचा विचार करण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. कौसाबाईचे कोंबडे रस्त्यावर वाढलेले. मालाच्या मोटारींचे भोंगे ऐकत मोठे झालेले. ढोलाचे त्यांना काय? शिवाय रोज सकाळी ती त्यांना पळसाच्या पानावर दाणे देई, आणि नवसाला निघालेल्या कोंबड्याला आदल्या रात्री काहीच देत नसे. ही दुसरी गोष्ट ती कोणाला सांगत नसे. देवाची इच्छा देवाची. आपण फक्त कोंबडा उपाशी ठेवतो, इतकाच तिचा त्यात भाग होता.

दर वर्षी दिवाळीआधी तिचा थोरला जेठ सुपडू गाडी जुंपून ब्राह्मणपुरीहून येई, तिला घरी न्यायला. माणूस वाईट नव्हता. भावजयीने परमुलखात कोंबडे पाळावेत याची त्याला मनापासून लाज वाटे, आणि घरच्या जात्यावर एक हात कमी होता हेही खरे. जेठाने भावजयीशी समोरासमोर बोलायचे नसते, म्हणून तो बैलाशी बोले.

"सांग रे तिले," तो ढवळ्या बैलाला म्हणे, "घरमा सतरा माणसं शेतस, पन जागा शे."

कौसाबाई पदर पुढे ओढून जवळच्या कोंबड्याला सांगे, "सांग त्यास्ले, मन्ही चूल आठे पेटी ऱ्हायनी."

बैल आणि कोंबडा दोघेही निरोप नीट पोचवीत, आणि गाडी मोकळी आली तशी मोकळी जाई. पण एकोणीसशे तेहेतीस साली सुपडूने बैलाजवळ फारच लावून धरले, तेव्हा कौसाबाईच्या तोंडून निघून गेले, "ज्या दिन मन्हा कोंबडानी दाणा टिपा नही, त्या दिन मी गाडीमा बठसू." सुपडूने हे नीट ऐकून घेतले. तो शब्दाचा माणूस होता, आणि दुसऱ्यांच्या शब्दांच्या बाबतीत तर जास्तच.

पुढच्या वर्षी डोंगराकडच्या पाड्याच्या इंद्रसिंग कारभाऱ्याने दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीला पाच कोंबडे सांगितले. पाड्यावरची दोन वासरे वाघाने नेली होती, म्हणून यंदाचा नवस साऱ्या पाड्याचा होता. इंद्रसिंगने श्रावणातच येऊन सगळ्यांत मोठा तांबडा कोंबडा निवडला आणि त्याच्या पायात काळा दोरा बांधला. उरलेले चार तिने निवडावेत. दाणा टिपला नाही तर काय, हे तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. पुढे तिच्याकडे पिलू कोण आणणार?

वाघबारशीला चार दिवस होते. कौसाबाई उधईची मडकी आणायला बांधावर गेली असताना पाड्यावरचा खात्या नावाचा गडी तिच्या खोपटाशी आला. पावसाळ्यात त्याचा बैल रानात हरवला होता. तिच्या कोंबड्याने दाणा टिपला आणि तिसऱ्या दिवशी बैल आपल्या पायांनी घरी आला. तेव्हापासून खात्या उपकाराखाली वाकला होता. त्याने आभाराला म्हणून घरची कवडी तलंग आणली होती, नुकती अंड्यावर आलेली तरणी कोंबडी. अंगणात पाहतो तर नऊ नर आणि मादी एकही नाही. बाईची ही गरिबी पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. त्याने तलंगीच्या पायाची दोरी सोडली, तिला कुडाच्या आत सोडले, आणि समाधानाने विडी ओढत वाटेला लागला. मागून गलका ऐकू आला तो त्याला आनंदाचा वाटला.

कौसाबाई परतली तेव्हा अंगणात पिसे उडत होती. तिने मडकी टाकली, पाण्याची घागर झुंजीवर उपडी केली, तलंग पदराखाली घेतली. दिवलीबाई हाती लागतील तेवढी डालगी घेऊन धावत आली, आणि एकेका डालग्याखाली एकेक कोंबडा झाकला. दोघांचे पाय खरचटले होते, बाकीचे धड होते. पण संध्याकाळी पानावर दाणे ठेवले तर कोणी चोच लावीना. तलंग दिवलीबाईच्या घरी कुडापलीकडे कुकवत होती आणि नऊ माना तिकडे वळलेल्या होत्या.

दिवलीबाईला उपाय सोपा वाटला: रात्रीच शिजवून टाकू. पण खात्या उद्या-परवा आपल्या तलंगीची खुशाली विचारायला येणार, हे ठरलेले होते. परत द्यावी तर आभाराची वस्तू परत करणे म्हणजे त्याचा सापडलेला बैल पुन्हा रानात सोडण्यासारखेच. दुसऱ्या कोणाकडे ठेवावी तर ज्या घरी कोंबडा त्या घरी हाच तमाशा. आणि विसरवाडीत कोंबडा नसलेले घर एकच होते.

ते खेमराज मारवाड्याचे. दुकान पुढे, घर मागे, आणि घरात अंधार पडल्यावर घाससुद्धा खात नसत. त्याची बायको पानीबाई दर पर्युषणात कौसाबाईच्या कुडापाशी येई आणि कोंबड्यांकडे पाठ करून तिला तिच्यासाठी राखून ठेवलेल्या नरकाची सविस्तर माहिती देई. कौसाबाई तिला बसायला पोते टाकी आणि नरक शेवटपर्यंत ऐकून घेई. तिच्याशी इतका वेळ बोलणारे, रस्त्याच्या त्या अंगाला, दुसरे कोणी नव्हते.

त्या संध्याकाळी पदराखाली कोंबडी घेऊन ती पानीबाईच्या मागल्या दारी उभी राहिली आणि सगळे खरे सांगितले: वाघ, दाणा, सुपडूची गाडी. पानीबाईने मधे एकदाही नरक काढला नाही.

"इले कापशी नही ना?" तिने विचारले.

"नही, बाई."

"कधीच?"

"कधीच नही."

"मंग आन आठे," पानीबाईने हात पुढे केले. आयुष्यात पहिल्यांदा ती कोंबडीला शिवत होती, आणि बाळ धरावे तशी तिने ती धरली. "मन्हा घरमा उनी. आते ती मन्ही पाहुणी शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडीने खेमराजच्या गादीवर, तक्क्याला लागून, अंडे घातले. पानीबाईचा निरोप आला: आम्ही हात लावणार नाही, तू येऊन घेऊन जा. कौसाबाई जाईपर्यंत खेमराजने गिऱ्हाइकांशी उभ्यानेच व्यवहार केला.

इकडे आवाज तुटला तसे कोंबडे शुद्धीवर येऊ लागले. दुसऱ्या दिवशी दोघांनी दाणे टिपले, तिसऱ्या दिवशी आठांनी. मोठा तांबडा मात्र डालग्यात मान उंच करून उभा. त्याला उपाशी ठेवण्याचे काम तोच करीत होता. पण काळा दोरा त्याच्याच पायात होता.

वाघबारशीच्या सकाळी सुपडू बरोबर वेळेवर आला. गाडी घेऊन तो तिच्या मागोमाग पाड्यावर गेला. वाघदेवाच्या ठाण्याशी बायकांनी जायचे नाही अशी तिथली चाल, म्हणून कौसाबाई अलीकडच्या मोहाखाली थांबली. पुरुषांच्या पाठींपलीकडे तिला काही दिसत नव्हते. कोंबड्याने दाणा टिपला की ढोलावर एक टिपरू पडे. तेवढेच तिला कळणार होते.

पहिला ठोका पडला. दुसरा. मग तिसरा आणि चौथा लागोपाठ.

पाचवा पडेना.

मोहाचे एक पान तिच्या खांद्यावर पडले ते तिने झटकले नाही. तिला आपली चूल आठवली, सकाळी राखेत झाकून ठेवलेली. सतरा माणसांच्या घरात अठरावी. सुपडूने बैल गाडीला लावायला घेतले. घाई नव्हती त्याला. जू चढवताना त्याने बैलाच्या मानेवरची धूळसुद्धा पुसली.

तेव्हा ढोल वाजला, एकदा, आणि मग थांबेचना.

कौसाबाईने हात जोडले. कोणाला, ते तिने ठरवले नव्हते. वाघाला, पानीबाईला, ज्याला हवे त्याने घ्यावे.

काय झाले ते खात्याने येऊन सांगितले, कारण तांबडा त्याच्याच हातात होता. पूजा सांगणाऱ्या भगताने पान तीनदा पुढे केले, पण कोंबडा दगडासारखा. इंद्रसिंगचे तोंड उतरले. खात्याला घरची सवय. त्याने जिभेने हळूच कोंबडीसारखे कुकवले. तांबड्याने मान खाली घातली, दाणा उचलला, आणि गिळला नाही. पानाशेजारी नीट ठेवला आणि टुकटुक करीत बोलावू लागला. कोंबडा कोंबडीला खाऊ घालतो तसा, जी तिथे नव्हती तिला. भगताने क्षणभर विचार केला. टिपावा अशी रीत होती. गिळावा असे कोणी वाडवडिलांनी सांगितले नव्हते.

खात्याला मधली हकीकत काहीच ठाऊक नव्हती. त्याने विचारले, तलंग कशी आहे? कौसाबाई म्हणाली, गादीवर बसते. गरिबाघरची तलंग सुखात पडली म्हणून तो हरखला.

सुपडूने बैलाला इतकेच सांगितले, "चाल रे भाऊ. मोकळी गाडी हलकी ऱ्हास."

कोंबडी पानीबाईकडेच राहिली. न्यायला गेले की पानीबाई म्हणे, आणखी चार दिवस राहू दे. कौसाबाई रोज सकाळी अंडे आणायला जाई, पोते आता पानीबाई टाकी, आणि नरकाचा विषय निघाला तरी कौसाबाईची जागा पूर्वीपेक्षा बरीच वर सरकली होती. पहिली आठ अंडी दिवलीबाईने आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. खात्याच्या घरच्या कोंबड्याचा गुण त्यांत उतरलेला होता. सहा फुटली, त्यांत चार नर. ते कौसाबाईच्या अंगणात वाढले. ही गोष्ट पानीबाईला कोणी सांगितली नाही, आणि न विचारण्याइतकी ती शहाणी होती.

पुढल्या दिवाळीआधी सुपडूची गाडी आली ती भरून. ज्वारीची दोन पोती त्याने स्वतः उतरवली. मग बैलाकडे पाठ केली, जमिनीकडे पाहिले, आणि नऊ वर्षे घरची सून राहिलेल्या, सात वर्षे विधवा असलेल्या भावजयीशी पहिल्यांदा थेट बोलला.

"कौसाबाई, एक कोंबडा लागस. मन्हा सालदारना नवस शे." नवस घरचा नव्हे, सालगड्याचा, हे ठसावे म्हणून त्याने पुन्हा सांगितले, "सालदारना."

तिने पदर पुढे ओढला, पण कोंबड्याला मधे घातले नाही. "दादा, तुम्हीच निवडा," ती म्हणाली, आणि कुडाचे दार उघडून बाजूला झाली.