निवडक विद्यार्थ्यांची विशेष परीक्षा

सरकारने आठवीत मुलांना पुन्हा नापास करायची सोय केली आणि आमच्या गावात त्या सोयीचा पहिला लाभ आमच्याच घराने घेतला.

म्हसावदच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. माझी मुलगी हेतल तेव्हा आठवीत, माझ्याच वर्गात. (आता ती धुळ्याला वसतिगृहात राहून अकरावी करते आणि घर इतकं शांत झालंय की फ्रिज घुरघुरला तरी कुणी आल्यासारखं वाटतं.) तोवर आठवीपर्यंत कुणी नापास होत नसे. वर्षभर फळ्याकडे पाठ करून बसलेलं पोरही मे महिन्यात न चुकता वरच्या वर्गात पोचायचं. मग नवा नियम आला. वार्षिक परीक्षेत एखादा विषय राहिला, तर उन्हाळ्यात जादा शिकवणी, मग पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तर मुक्काम त्याच वर्गात!

हे पालकांना समजावून सांगायचं काम हेडसरांनी माझ्यावर टाकलं. पालकसभेत मी 'क्षमताधिष्ठित मूल्यमापन' या शब्दापासून सुरुवात केली. बराच वेळ बोललो. शेवटी मागून सुकलाल आप्पा उठले. (केळीचे बागायतदार. गावात वीज गेली की लाउडस्पीकरऐवजी यांनाच उभं करतात.)

"सर, एकच सांगा. पोरे पास व्हतीन का नही?"

"आप्पा, ज्या घरात अभ्यासाचं वातावरण आहे, तिथलं मूल नापास होणारच नाही!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या बायकोने, सुरेखाने वाजवल्या.

निकालाच्या आदल्या दिवशीच माझ्या आईने, म्हणजे मायने, सगळ्या गल्लीला जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस!

"माय, निकाल तर लागू दे," मी म्हटलं.

"त्यामा काय देखानं? तिन्हा बापच गणितना मास्तर शे!"

निकालाच्या दिवशी, एक मेला, सकाळी शाळेत झेंडावंदन झालं आणि हेडसरांनी मला बाजूला घेतलं. सोबत पाटीलसर. पोटच्या पोरीचा पेपर आपण तपासू नये म्हणून मी तो त्यांच्याकडे दिला होता. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "सर, मी सगळीकडून मार्क गोळा करून पाहिले. अक्षर स्वच्छ आहे, त्याचेसुद्धा देऊन पाहिले."

"कोणता विषय?" मी विचारलं. (अजून आशा होती. इतिहास निघाला असता तर मी इतिहासाच्या बाईंना जन्मात माफ केलं नसतं!)

पाटीलसरांनी गणिताची उत्तरपत्रिका माझ्या हातात ठेवली.

मोटरसायकलवर मागे बसलेल्या हेतलला मी म्हटलं, "पेपर सोपा गेला म्हणाली होतीस ना?"

"सोपाच होता पप्पा," ती हळूच म्हणाली. "मीच त्याला अवघड करून टाकलं."

घरी पोचलो तर अंगणात पंगत बसलेली. माय खापरासमोरून ओरडली, "उनी मन्ही नात! सांग रे बापू, कितला मार्क पडनात?"

सगळी गल्ली घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. सुकलाल आप्पांची पोळी रसात अर्धी बुडून तशीच राहिली. सुरेखा दारात उभी होती. तिला माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला कळलंय. आणि माझ्या तोंडून निघालं, "मार्क... अजून पूर्ण व्हायचेत. शाळेने काही निवडक विद्यार्थी काढलेत. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात खास वर्ग, आणि जूनमध्ये विशेष परीक्षा!"

यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही सुरेखाला सांगतो.

"निवडक!" माय आनंदाने ओरडली. "आमनी हेतल निवडक मा शे!" आणि तिने पंगतीत पुन्हा रस फिरवला. हेतलने आपल्या वाटीत जवळजवळ तोंडच बुडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलाल आप्पा दहा-बारा पालकांना घेऊन शाळेत हजर!

"हेडसर, मन्हा राकेशले का बरं नही निवडं? पोऱ्या चांगला पास शे, अन् तुम्ही त्याले घर धाडी दिन्हं! सरनी पोर निवडक, अन् आमना पोरे काय बिनकामना शेत?"

हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी घसा खाकरला आणि खरं काय ते सांगून टाकलं. "आप्पा, हेतल नापास झालीय. गणितात."

आप्पा खो खो हसले. "सर, खास वर्ग सोतानी पोरले ठेवतस, अन् आमले नापासनी भीती दखाडतस? मास्तरनी पोर कोठे गणितमा नापास व्हस का?"

मी हरप्रकारे सांगितलं. अगदी शपथ घेतली. जितकी शपथ घ्यावी तितका त्यांचा संशय वाढत गेला! शेवटी हेडसर वैतागून म्हणाले, "येऊ द्या सगळ्यांना! सरच शिकवतील."

अशा रीतीने मोजक्या पोरांचा वर्ग अख्ख्या आठवीचा झाला. माझी सुट्टी गेली. सासरच्या मंडळींबरोबर ठरलेली तोरणमाळची सहल गेली. सुरेखा बॅग रिकामी करता करता म्हणाली, "नवरासुद्धा निवडकच मिळाला मला!"

खऱ्या नापासांत हेतलबरोबर रमिला होती. सातपुड्यातल्या पाड्यावरची. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की हीही जायची, त्यामुळे निम्मं वर्ष शाळा बुडालेली. तिच्या वडिलांनी मला पहिल्याच दिवशी तुटक मराठीत सांगितलं, "सर, पास झाली तं शाळा. नाय तं दिवाळीनंतर आमच्यासंगं कोयता."

त्याच दिवशी रमिलाला मी हेतलशेजारी बसवलं.

शाळेमागच्या निंबाखाली सकाळच्या गार हवेत तो वर्ग भरायचा. घंटा नाही, तास नाही. मी एखादं उदाहरण पुस्तकी मराठीत सांगायचो. ते हेतल रमिलाला अहिराणीत सांगायची. रमिला ते मागच्या पोरींना पावरीत, म्हणजे त्यांच्या पाड्यावरच्या बोलीत, सांगायची. अशा तीन फेऱ्या झाल्या की ते उदाहरण मलाही थोडंफार कळायला लागायचं! माय ताकाची कळशी घेऊन यायची आणि एवढी गर्दी बघून म्हणायची, "इतला पोरे निवडक? मंग राहिनं कोन?"

रमिलाचा स्वभाव मात्र चिवट. प्रत्येक गोष्टीला तिचं ठरलेलं: "असं का?" तेवढ्यासाठी हेतल संध्याकाळी माझ्यासमोर वही घेऊन बसायला लागली. "पप्पा, ऋण गुणिले ऋण धन कसं? रमिला उद्या विचारेल." वर्षभर जिने मला वर्गात एक शंका विचारली नव्हती, ती ओट्यावर माझ्या गुडघ्याला टेकून भांडायची. चूक सापडली की चिडायची, उत्तर आलं की टाळी मागायची. आता धुळ्याहून फोन येतो तेव्हा "जेवलीस का?" यापुढे माझी गाडी जात नाही. तेव्हा वाटतं, तिचा अजून एखादा विषय राहिला असता तर काय बिघडलं असतं?

जूनमध्ये परीक्षा झाली. दोघीही पास! रमिलाला हेतलपेक्षा जास्त मार्क. तिचे वडील फाटकाबाहेर उभे होते. मी निकाल सांगितल्यावर त्यांनी डोक्याचा रुमाल काढून नुसतं तोंड पुसलं, बराच वेळ. रमिला पुढे दहावीही झाली, आणि हेतल अजूनही सुट्टी लागली की आधी तिला फोन करते, मग आम्हाला.

शाळा नियमित सुरू झाली आणि एका संध्याकाळी सुकलाल आप्पा केळीचा घड खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. राकेश त्या उन्हाळी वर्गानंतर म्हणे घरात पाढे म्हणत फिरत होता.

"सर, एक काम शे. धाकला औंदा आठवीमा उना. त्याले नापास करा."

"काय?"

"म्हणजे उन्हायामा तुमना खास वर्गमा बसी. राकेश कितला सुधारी गया, देखा!"

नोकरीत पास करा म्हणणारे खूप आले. हे पहिलेच! मी त्यांना बसवून नीट समजावलं. "आप्पा, असं ठरवून कुणाला नापास करता येत नाही. तो नियमाने गुन्हा आहे."

आप्पा विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, "औंदा आठवीले गणित कोन शिकाडस?"

"मीच."

"मंग ऱ्हाऊ द्या," आप्पा समाधानाने उठत म्हणाले. "व्हई जाई आपेआप!"